भुसा, ओंडके आणि दोन हजार भुंगेरे

बेळगावजवळच्या खानापुरात लाकडाच्या गिरणीला लागून घर असलं की भुंगेरे बघायला जंगलात जावं लागत नाही. ते घरपोच मिळतात. पावसाच्या तोंडाला आवारात ओले ओंडके उतरले की पुढच्या दोन-तीन संध्याकाळी ट्यूबलाइटखाली जेवणं मुश्कील होतं. भिंतीवर, वाळत घातलेल्या लुगड्यावर, आमटीत, कुठंही टपकतात. "ह्या घरात पाव्हणं कमी नि किडं जास्त," असं सासूबाई म्हणायच्या आणि ताटावर ताट पालथं घालून निवांत बसायच्या. मी निपाणीहून लग्न करून आले तेव्हा मला किळस यायची. पुढं किळसेचं कुतूहल कधी झालं ते सांगता येणार नाही, पण ते झालं एका आंब्यामुळं.

जांबोटीकडच्या कुणाच्या तरी परसातला जुना रायवळ होता, आतून पोखरला म्हणूनच पाडलेला. पट्ट्यावर चढवायच्या आधी मिस्त्रीनं साल उचकटली तर आत बोट सहज जाईल एवढं भोक, आणि भोकाच्या तोंडाशी ओलसर चुऱ्याचा लगदा. "हुळा बिद्दावरी," म्हणजे किडा लागलाय, असं म्हणत त्यानं कुऱ्हाडीच्या दांड्यानं ठोकलं. आधी बाहेर आल्या मिशा. मग बराच वेळ काहीच नाही. मग सावकाश, कुणाचीही घाई नसल्यासारखा, एक राखाडी भुंगेरा बाहेर आला. माझ्या अंगठ्याएवढा तरी लांब. मानेवर दोन नारिंगी डाग, मानेच्या दोन्ही बाजूंना एकेक काटा, आणि मिशा अंगापेक्षा मोठ्या. मी कागदानं उचलला तर तो करकरला. स्पष्ट, चिडका आवाज. तोंडानं नव्हे, मान मागेपुढे हलवून अंगाचा एक भाग दुसऱ्यावर घासतो आणि त्यातून तो आवाज निघतो. "सोडा वैनी त्याला, चावंल," मिस्त्री म्हणाला. त्याचे जबडे बघितल्यावर मलाही ते पटलं. लाकूड कुरतडून बाहेर येणाऱ्याला माझं बोट म्हणजे लोणी.

कोकणात आणि आमच्या घाटाकडं ह्याला भिरूड म्हणतात. त्याची अळी आंब्याच्या जिवंत खोडात महिनोन् महिने लाकूड खात राहते, हाताच्या बोटाएवढी जाड होते, आणि बागायतदार तारेचा हूक घालून तिला ओढून काढतात. हे सगळं मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एवढंच, की उपद्रव म्हणून ज्याचं नाव आपण घेतो तो दिसायला इतका देखणा असतो.

मुलाच्या मोबाइलवर ह्या मिशाळ मंडळींचा शोध घेता घेता मी वॉलेसपर्यंत पोचले.

आल्फ्रेड रसेल वॉलेस म्हणजे डार्विनच्या बरोबरीनं, पण स्वतंत्रपणे, नैसर्गिक निवडीचा विचार मांडणारा माणूस. एवढं शाळेत शिकलेलं असतं. शाळेत न सांगितलेली गोष्ट अशी की तो व्यापारी होता. घरची श्रीमंती नव्हती. १८५४ ते १८६२ ही वर्षं तो मलाया, बोर्निओ, सेलेबिस, न्यू गिनी ह्या भागांत हिंडला तो किडे, पक्षी, शिंपले गोळा करून लंडनला विकत. सॅम्युएल स्टीव्हन्स हा त्याचा तिथला दलाल. सगळ्या प्रवासात मिळून १,२५,६६० नमुने जमवले, त्यात ८३,२०० भुंगेरे. व्यापाऱ्याच्या घरात राहणाऱ्या मला हे वाचून तो एकदम जवळचा वाटायला लागला. माल, वाहतूक, ओल, मुंग्या, दलालाचा हिशेब, हे सगळं त्याच्या मागं होतं आणि सिद्धांत त्यातून वेळ काढून सुचत होते.

१४ मार्च १८५५ रोजी तो बोर्निओच्या सारावाकमध्ये सिमुंजोन इथं पोचला. सादोंग नदीजवळच्या टेकडीत कोळशाची खाण नुकती सुरू होत होती. तोपर्यंतच्या चार महिन्यांत त्याला ३२० प्रकारचे भुंगेरे मिळाले होते. सिमुंजोनला पंधरवड्याच्या आत तो आकडा दुप्पट झाला. रोज सरासरी २४ नव्या जाती. एका दिवशी ७६ जाती सापडल्या, त्यातल्या ३४ त्याच्याकडं आधी नव्हत्या. एप्रिल संपेस्तोवर हजाराचा आकडा ओलांडला. शेवटी बोर्निओतली त्याची बेरीज दोन हजारांच्या आसपास गेली आणि त्यातल्या शंभरेक सोडल्या तर सगळ्या ह्या एका जागेतल्या, जेमतेम एका चौरस मैलातल्या. आमच्या आंब्यातल्यासारख्या लांब मिशांच्या भुंगेऱ्यांच्याच जवळपास ३०० जाती, आणि त्यातल्या दहात नऊ तोवर कुणालाच माहीत नव्हत्या. लंडनमध्ये पॅस्को नावाचा अभ्यासक पुढं कित्येक वर्षं त्यांना नावं देत बसला होता.

इथं बहुतेक वाचक विषुववृत्तावरच्या जंगलाला नमस्कार करून पुढं जात असणार. मी अडकले ते वॉलेसनं दिलेल्या कारणापाशी, कारण ते आमच्या धंद्यातलं होतं. तो म्हणतो की बारा वर्षांच्या हिंडण्यात, पश्चिमेच्या (म्हणजे ह्याआधीच्या ॲमेझॉनच्या) आणि पूर्वेच्या उष्ण प्रदेशांत, इतकी सोय त्याला दुसरीकडं कुठंच झाली नाही. सोय कसली? तर खाणीसाठी वीस ते पन्नास चिनी आणि दायाक, म्हणजे बोर्निओचे मूळ रहिवासी, मजूर कित्येक महिने रान साफ करत होते. नदीपर्यंत दोन मैल रुळांचा रस्ता काढायचा म्हणून पट्टाच्या पट्टा तोडला जात होता. जागोजागी खड्डे खणून त्यावर मोठमोठी झाडं आडवी घालून तुळया आणि फळ्या कापल्या जात होत्या. चहूकडं शेकडो मैल अखंड जंगल, मधोमध हे ताजं कापलेलं भगदाड, आणि पाऊस ओसरून ऊन पडायला लागलेलं. साल, पानं, फांद्या, भुसा. वॉलेसला भुंगेऱ्यांच्या मागं रानोमाळ धावावं लागलं नाही. तो एका गिरणीच्या आवारात उभा होता.

मजुरांना तो किड्यामागं एक सेंट द्यायचा. त्यामुळं दायाक आणि चिनी माणसंही त्याला टोळ, काडीकिडे आणि सुरेख भुंगेरे आणून देत. ही पद्धत मी आमच्या आवारात करून पाहिली, म्हणजे मोठा किडा दाखवला की चहा. मिस्त्रीच्या पोरांनी इतके आणले की मामंजींनी दुधाचा हिशेब विचारला.

तोडलेल्या झाडात असं असतं तरी काय? हे आमच्या आवारात बसून नीट कळतं. झाड पडलं की त्यातला रस आंबायला लागतो आणि त्यातून मद्यार्काचा वास सुटतो. आपल्याला तो येत नाही, पण एका जातीच्या बारीक भुंगेऱ्यांना लांबूनही लागतो. ते दोन-तीन मिलिमीटरचे, काळपट, दंडगोल. ताज्या ओंडक्यात सरळ भोक पाडतात, टाचणी जाईल एवढं, आणि भोकाच्या कडा काळ्या पडतात. तो काळा रंग म्हणजे बुरशी. हे महाशय लाकूड खातच नाहीत. अंगावरच्या खास खाचेत बुरशीचं बियाणं घेऊन येतात, बोगद्याच्या भिंतीला पेरतात आणि पिल्लं त्या पिकावर वाढतात. आपण शेती सुरू केली त्याच्या फार फार आधीपासून त्यांचं हे चाललंय. लाकूड वाळलं की बुरशी मरते आणि शेतकरीही. म्हणून गिऱ्हाईक जेव्हा फळीवरची ही काळी भोकं दाखवून "कीड लागलीय, भाव कमी करा" म्हणतं, तेव्हा मामंजी शांतपणे सांगायचे, "जुनी हाईत ती, आत आता कोण न्हाई." खरं सांगायचे. गिऱ्हाइकाचा विश्वास बसायचा नाही तो भाग वेगळा.

वाळलेल्या लाकडाचे भुंगेरे निराळे. त्यांना पिठूळ लाकूड लागतं, म्हणजे ज्यात साखर-पिष्ट उरलंय असं. सागाचा आतला गाभा ते खात नाहीत, बाहेरचा पांढरट भाग खातात. मादी अंडी घालण्याआधी लाकूड थोडं कुरतडून बघते, त्यात पिष्ट नसेल तर पुढं जाते. सासूबाईंनी केवढ्या हौसेनं बुरुडाकडून करून घेतलेला बांबूचा पलंग असाच गेला: रोज सकाळी पायांशी पांढऱ्या पिठाचा ढीग, मैद्यासारखा मऊ. बुरूड म्हणाला, अंधाऱ्या पंधरवड्यात तोडलेला बांबू नव्हता. आमच्याकडं सगळे तसंच मानतात. चंद्राचं मला सांगता येत नाही, पण बांबूत पिष्ट किती आहे ह्यावर कीड ठरते एवढं पक्कं, आणि तोडलेला बांबू ओढ्याच्या पाण्यात काही आठवडे बुडवून ठेवायची जुनी रीत आहे ती उगीच नाही.

आणि तिसरी पाळी कुजलेल्या लाकडाची. जे लाकूड कुणी विकत घेत नाही, जे गिरणीत येतच नाही, ते रानात पडून राहतं तेव्हा. साल सुटलेली, आत तांबूस भुगा झालेला. तिथं काळे चकचकीत, पाठीवर रेघा असलेले असे भुंगेरे राहतात की ज्यांचे आईबाप दोघंही पिल्लांबरोबर थांबतात, लाकूड चावून मऊ करून त्यांना देतात, आणि मोठे अन् पिल्लं एकमेकांशी करकर आवाजात बोलतात. किड्यांत बापानं घरात थांबणं हे अप्रूपच. त्यांना हातात घेऊन ऐकावं असं फार वाटतं, पण भीमगडाच्या अभयारण्यात कुजकं लाकूड उलथापालथ करणं बरं नव्हे, आणि अभयारण्याबाहेर कुजकं लाकूड उरतच नाही. सरपणाला जातं.

तर एका झाडात ताज्याचे, वाळल्याचे, कुजक्याचे असे वेगवेगळे भाडेकरू. त्यातही सालीखालचे वेगळे, फांदीतले वेगळे, मुळातले वेगळे. ह्या सगळ्यांना हे जमतं त्याचं एक कारण त्यांच्या पाठीवरच आहे. भुंगेऱ्याच्या पंखांची पुढची जोडी टणक झालेली असते, ढालीसारखी मिटून बसते आणि खरे उडायचे पंख तिच्याखाली घडी घालून ठेवलेले असतात. माशीला किंवा फुलपाखराला सालीच्या फटीत शिरता येत नाही, पंख फाटतात. भुंगेरा फटीत घुसतो, मातीत जातो, शेणात जातो, तंबाखूच्या पोत्यात जातो, आणि बाहेर येऊन पुन्हा उडतो. आजवर नाव दिलेल्या भुंगेऱ्यांच्या जाती जवळजवळ ४ लाख. माहीत असलेल्या प्राण्यांच्या दर चार जातींमागं एक भुंगेऱ्याची. आपण ज्याला साधा काजवा म्हणतो तोही भुंगेराच. मे संपत आला की कणकुंबीच्या रस्त्याला झाडंच्या झाडं पेटवतो तो.

तंबाखूचं नाव निघालंच आहे तर माहेरचं सांगते. निपाणीत माझे बाबा एका व्यापाऱ्याच्या वखारीत दिवाणजी होते. विडीची तंबाखू, वखारीत पाय टाकला की शिंका. त्या तंबाखूत, जिच्या नुसत्या खकाण्यानं माणसाला गरगरतं, एक तांबूस किडा मजेत राहायचा. तिळापेक्षा थोडा मोठा, मान खाली घातलेला, पाठीवर बारीक लव. बोट लावलं की पाय आखडून मेल्याचं सोंग करतो. बाबा नमुन्याची पुडी पांढऱ्या कागदावर ओतायचे आणि थोडा वेळ काहीच बोलायचे नाहीत. सोंग करणारे मग चालायला लागायचे, आणि बाबा मोजायचे. भाव त्यावर ठरायचा. ह्या किड्याच्या पोटात एक यीस्ट राहतं. तंबाखूसारख्या विषारी आणि निकस अन्नावर त्याचा निभाव लागतो त्यात ह्या यीस्टचा मोठा हात आहे. मादी अंडी घालताना त्यावर यीस्टचा लेप देते; अळी बाहेर येताना कवच खाते आणि तिच्या पोटात शिदोरी जाते. हाच किडा हळदीत, मिरचीत, धन्यातही होतो. आईच्या मसाल्याच्या डब्यात तो निघाला की ती बाबांकडं अशी बघायची, जणू तेच खिशातून घेऊन आलेत. कदाचित आलेही असतील.

बेळगावचं नाव भुंगेऱ्यांच्या कागदपत्रांत नवीन नाही. ब्रिटिश अमलात हिंदुस्थानच्या प्राण्यांवर जे जाडजूड खंड निघाले, त्यातल्या भुंगेऱ्यांच्या खंडांत जातीच्या वर्णनाखाली 'बेळगाव' किंवा 'कानडा' (म्हणजे कारवारकडचा मुलूख) असं ठिकाण आणि पुढं कंसात अँड्र्यूज हे नाव अनेकदा येतं. एच. ई. अँड्र्यूज इथं वनखात्यात नोकरीला होते. पुढं जमिनीवर पळणाऱ्या शिकारी भुंगेऱ्यांचे ते मोठे जाणकार झाले. वनखात्याच्या साहेबाचं काम काय? कुठली झाडं तोडायची ते ठरवणं. म्हणजे तेही वॉलेससारखेच पडलेल्या झाडाच्या आसपास वावरत असणार असा माझा अंदाज. १८८० च्या दशकात सदर्न मराठा रेल्वे लोंढ्यावरून गोव्याकडं निघाली तेव्हा ह्या घाटात सिमुंजोनपेक्षा कितीतरी मोठं भगदाड पडलं असेल. त्या वेळच्या भुश्यावर काय काय येऊन बसलं असेल ह्याचा विचार करत मी कधीकधी लोंढ्याच्या फलाटावर गाडीची वाट बघते.

पण बोर्निओचा आकडा आपल्याला गाठता येणार नाही, हेही खरं. ते बेट आहे ७ लाख चौरस किलोमीटरहून मोठं, मधून विषुववृत्त जातं, कोरडा ऋतू असा नाहीच. शिवाय ते कायमचं बेट नव्हतं. हिमयुगात समुद्र शंभर मीटरहून खाली गेला की बोर्निओ, सुमात्रा, जावा आणि मलाया एकाच जमिनीचे भाग व्हायचे, किड्यांचं येणंजाणं व्हायचं. समुद्र चढला की पुन्हा प्रत्येकाचं बिऱ्हाड वेगळं. हे पुन्हा पुन्हा झालं. भर समुद्रातल्या लहानशा बेटावर चुकून पोचलेल्या थोड्यांची प्रजा वाढते. इथं मुळात भरलेलं घर होतं, आणि त्याच्या वेळोवेळी वाटण्या झाल्या.

वॉलेसनं जमिनीवर आलेलं गोळा केलं. झाडाच्या शेंड्यावर काय आहे ते त्याला बघता आलं नाही. ते पुढं नायजेल स्टॉर्कनं बघितलं. ब्रुनेई हाही बोर्निओचाच एक तुकडा. तिथं त्यानं उंच झाडांच्या शेंड्यांत कीटकनाशकाचं धुकं सोडलं आणि खाली पडलेलं सगळं झेललं. दहा झाडं. भुंगेरे पडले चार हजारांच्या जरा आत, त्यात ८५९ जाती. आता ह्याच्या पुढची गोष्ट मला सगळ्यात विलक्षण वाटते: निम्म्याहून जास्त जातींचा प्रत्येकी एकच किडा सापडला. एक. दुसरा नाही. आपल्याला सवय आहे ती गर्दीची, की किडा म्हटला म्हणजे त्याची फौज असणार. तिथं फौज कुणाचीच नाही. बहुतेक सगळे विरळ, आणि विरळांचीच गर्दी. त्यामुळं अकरावं झाड धुतलं असतं तर पुन्हा नवे निघाले असते, बारावं धुतलं असतं तरी. जगात भुंगेऱ्यांच्या एकूण जाती किती, ह्याचा ह्याच स्टॉर्कनं इतरांबरोबर २०१५ मध्ये दिलेला अंदाज साधारण १५ लाखांचा आहे. म्हणजे चारांतल्या तिघांना अजून नाव नाही.

आणि मग कुऱ्हाड थांबली नाही. वॉलेसच्या वेळी ते भगदाड लहान होतं म्हणून सोय होती. भोवती शेकडो मैलांचं रान होतं, वासावर तिथून भुंगेरे येत होते. भगदाडच शेकडो मैलांचं झालं की येणार कुठून? बोर्निओचं सखल जंगल गेल्या पन्नास-साठ वर्षांत फार मोठ्या प्रमाणावर गेलं, आणि पुष्कळ ठिकाणी त्या जागी तेलताडाच्या, म्हणजे पामतेलाच्या झाडाच्या, रांगा उभ्या राहिल्या. हा ताड मूळचा पश्चिम आफ्रिकेचा. १८४८ मध्ये त्याची चार रोपं जावातल्या बोगोरच्या बागेत लावली, तिथून त्याचा त्या भागात पसारा वाढला. मलेशियात लागवड जोरात झाली पण फळ नीट धरेना. वाऱ्यानं परागीकरण होतं अशी समजूत होती, म्हणून मजूर लावून हातानं पराग टाकायचे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस सय्यद नावाच्या पाकिस्तानी कीटकतज्ज्ञानं कॅमेरूनमध्ये जाऊन पाहिलं, तर तिथं हे काम एक बारीक सोंडकिडा करत होता. १९८१ मध्ये तो मलेशियात आणून सोडला, बोर्निओतही सोडला, आणि हातानं पराग टाकायचं काम संपलं.

सोंडकिडा म्हणजे भुंगेराच. ज्या बेटावर एका चौरस मैलात दोन हजार जाती मिळाल्या, त्या बेटाला एक भुंगेरा आफ्रिकेतून आयात करावा लागला. मी हे वाचलं तेव्हा स्वयंपाकघरात उभी होते आणि समोर बिस्किटाचा पुडा होता. मागं बारीक अक्षरात पामतेल. बेकरीतली खारी, शेवेचा पुडा, हॉटेलातली भजी, एकेकाळचं रेशनचं पामतेल. आपला देश हे तेल सगळ्यात जास्त विकत घेणाऱ्यांपैकी आहे आणि येतं ते बहुतेक इंडोनेशिया-मलेशियातून. त्या एका सोंडकिड्याच्या कष्टाचं आपण रोज खातो. बिस्किट मी खाल्लं. न खाऊन बोर्निओत काही उगवणार नव्हतं, आणि चहा गार होत होता.

आमच्या गिरणीतही लाकूड पालटलंय. सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ च्या डिसेंबरातला आदेश आला, विनापरवाना गिरण्या बंद झाल्या, रानातल्या लाकडावर कडक पहारा बसला. मामंजींना तो अन्याय वाटायचा. मला तेव्हाही वाटला नाही, पण सुनेनं बोलायची ती गोष्ट नव्हती. नाणा, मत्ती, किंदळ, जांभा ही नावं आता आवारात क्वचित ऐकू येतात. येतं ते अकेशिया, निलगिरी, सिल्व्हर ओक, आणि परसातला एखादा आंबा-फणस. अकेशियाचा ओंडका मी उलटसुलट करून बघते. मुंग्या असतात. एखादा बारीक काळा. मिस्त्रीची पोरं आता चहा मागायला येत नाहीत, दाखवायला काही नसतं. किडे कमी झाले म्हणून घरात सगळ्यांना बरं वाटतंय, ताटावर ताट पालथं घालावं लागत नाही. तक्रार करणारी मी एकटीच, आणि ती कुणाकडं करायची?

उलट भुंगेरे म्हणजे काय ते बघायचं तर हल्ली मी माहेरी जाते. निपाणी-चिकोडीच्या पट्ट्यात तंबाखू हटून ऊस आला आणि उसाबरोबर हुमणी. वळवाचा पहिला दणका बसला की त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, दिवस मावळल्यावर, मातीतून भुंगेरे वर येतात आणि बांधावरच्या कडुनिंबावर, बाभळीवर, बोरीवर जमतात. तिथंच जोड्या लागतात, रात्रभर पाला खातात, उजाडायच्या आत पुन्हा मातीत. मादी मातीत अंडी घालते आणि पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकडी अळी श्रावण-भाद्रपदात उसाच्या मुळ्या खाते. वाढलेला ऊस हातानं ओढला तर आख्खं बेट उपटून येतं, खाली मूळच नाही. माझ्या भावाचा वेदगंगेकाठचा निम्मा फड एका वर्षी असा बसला. अळी जमिनीत गेल्यावर फार काही करता येत नाही. भुंगेरे झाडावर आहेत तेवढ्या रात्रींतच जे काय करायचं ते. त्यामुळं सगळी वस्ती बाहेर पडते. कुणाच्या हातात बॅटरी, कुणाच्या हातात बांबू. खाली ताडपत्री अंथरायची, फांदी गदागदा हलवायची, आणि पडलेले बादलीत ओतायचे.

गेल्या वळवाला मी तिथं होते. निंब हलवला की ताडपत्रीवर गारा पडल्यासारखा आवाज. पोरांनी बघता बघता बादली भरत आणली. ती ओतायच्या आधी मी दोन मुठी सुपात घेतल्या आणि ओट्यावरच्या दिव्याखाली बसून निवडायला लागले. तपकिरी, बोटाच्या पेराएवढा, पायांना बारीक दाते. पुढचा, तपकिरी. पुढचाही. पायांनी एकमेकांना धरलेले, सुटता सुटेनात. एक काळा शेणकिडा निघाला, दिव्याला चुकून आलेला असेल; एक लाल पाठीचा ठिपकेवाला ढालकिडा. बाकी सुपात सगळे तेच.

"काय निवडालीस गं, तांदूळ हायत व्हय?" भाऊ मागं येऊन उभा राहिला.

मी म्हटलं, "किती जातीचे आहेत ते बघतेय."

"जाती कसल्या बघतीस? हिकडं रॉकेल मिळंना, म्हणून ट्रॅक्टरचं डिझेल घालालोय बादलीत. सूप आण हिकडं, चालालेत बघ सगळे."